न कापलेला श्वास

ठरलेल्या नटाचा घसा बसला, म्हणून ऐन वेळी हा आला – शाळेतला भूगोलाचा मास्तर, बाहीवर खडूचा डाग. जुन्या प्रेमकविता वाचून रेकॉर्ड करायच्या होत्या. काचेच्या अलीकडे रेकॉर्डिंग सांभाळणारी ती बसलेली. स्टुडिओत तिला सगळे ‘कात्री’ म्हणत, कारण वाचणाऱ्याचा श्वास, आवंढा, अडखळणं… सगळं ती छाटून टाकायची.

मास्तरनं पहिली कविता वाचली मात्र, कात्रीचे कान टवकारले. इतका मऊ आवाज? नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय! असंच मऊ मऊ बोलून लग्न ठरवलेला एक जण ऐन वेळी पसार झाला होता. तेव्हापासून बाई ताकही फुंकून पीत होती.

“तिच्याविना चंद्र विझला म्हणे!” तिनं माईकमधून टोमणा मारला. “असा कुणाचा चंद्र विझतो हो? माणसं रडतात, जेवतात, फोन चार्जिंगला लावून झोपतात.”

“झोपतात ना. पण त्याआधी घटकाभर विझतोच की! कविता तेवढ्या घटकेची असते. तिची उलटतपासणी नका घेऊ, एकदा मोठ्यानं वाचून बघा.”

“मला पटवताय?”

“कवितेसाठी,” तो हसला. “तूर्तास.”

तूर्तास! मेला आगाऊच दिसतोय.

घरी जाऊन मात्र तिनं दार लावून ती कविता मोठ्यानं वाचली. आधी हसू आलं. पुन्हा वाचताना आवाज अडकला, आणि तिला स्वतःचाच राग आला.

रेकॉर्डिंगच्या शेवटच्या दिवशी तो पुस्तकापेक्षा काचेकडेच जास्त बघत होता. सगळ्यांकडेच असं बघत असेल का हा? पुन्हा फसगत झाली, तर या वेळी उठून उभं राहणं जमायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“मास्तर, मिटा ते पुस्तक. उसन्या शब्दांवर फार मिरवलंत. आता स्वतःचं काहीतरी बोला.”

त्यानं पुस्तक मिटलं. हेडफोनमध्ये आवंढा ऐकू आला.

“मी… म्हणजे तुम्ही… उद्यापासून मला इथे यायला कारणच नाही, आणि ते… छे! तुम्ही मला फार आवडता. अगदीच वाईट झालं हे. पुन्हा घेऊ?”

एवढं गुळगुळीत वाचणारा माणूस घामाघूम झाला होता. त्याची धाप तिच्या कानात वाजत होती. कात्रीला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले.

“पुन्हा नको,” ती म्हणाली. “आणि यातलं मी काहीही कापणार नाही.”