शहाण्णव सालचा मानकरी

माझ्या गाडीची वायर कुणीतरी उपटली होती! बाहेर उणे चौतीस, आणि इंजिन ऊबदार ठेवणारी माझी वायर भिंतीवरच्या प्लगमधून काढून कुणा दीडशहाण्याने स्वतःची खुपसलेली. किल्ली फिरवली तर गाडी नुसती कण्हली. ती वायर शेजारच्या निळ्या ट्रकची निघाली; मी त्याच्या बॉनेटवर मूठ आपटली, तेवढ्यात बर्फावरच्या हॉकीच्या रिंकच्या दारातून एक उंच प्राणी सूर्यफुलाच्या बिया चघळत बाहेर आला.

"ट्रकचा काही दोष नाही हं."

"मग तुला मारू?"

"मार. पण आत बसून मार... इथे हात गोठतील तुझे."

थंडीपुढे कोणाचं चालतं? त्याच्या ट्रकमध्ये बसले. त्याने नाव सांगितलं, जोएल पेनर. आठ वर्षं दूर अल्बर्टा प्रांतात नोकरी करून नुकताच गावी परतलेला.

"पेनर?" मी ताठ झाले. "मी लारिसा बोइचुक."

त्याने बिया चघळणं थांबवलं. "अरे देवा... म्हणजे रविवारी माझ्यासमोर तू आहेस!"

आमच्या मार्लो क्रीक गावात लोक हवामानापेक्षा हॉकीवर जास्त बोलतात, यातच काय ते समजा. दर वर्षी हिवाळी जत्रेच्या रविवारी रिंकच्या हॉलमध्ये एखाद्या जुन्या बक्षिसाचा रीतसर खटला चालतो. अमक्या साली 'सर्वांत मोलाचा खेळाडू' ठरला तो त्या मानाला लायक होता की नाही? यंदा चिठ्ठी निघाली शहाण्णवची. त्या साली आमच्या संघाने प्रांताचं अजिंक्यपद आणलं आणि बक्षीस मिळालं माझ्या वडिलांना, ऑरेस्ट बोइचुकना. आम्ही त्यांना तातो म्हणतो. अर्धं गाव मात्र अजून म्हणतं की ते गोलकीपर अर्नी पेनरचं होतं, म्हणजे जोएलच्या वडिलांचं. आणि खटल्याचा नियम असा की घरच्या माणसाने घरच्याविरुद्धच बोलायचं. मी तातोंच्या विरुद्ध, जोएल तातोंच्या बाजूने!

तातो हसले होते. "बोल की बिनधास्त!" पण त्यांची नजर भिंतीकडे गेली. आमच्या घरी देवाच्या तसबिरीशेजारी ते बक्षीस टांगलेलं आहे. आयुष्यभर धान्याच्या कोठारात राबलेल्या माझ्या बापाकडे मिरवायला तेवढंच आहे. ते मी भर गावात काढून घ्यायचं?

तो आठवडा आम्ही एकमेकांच्या घरीच होतो. खटल्याची तयारी, दुसरं काय! पेनरांकडे जोएलच्या आईने मला रुबार्बच्या आंबट देठांची भाजलेली गोड पेस्ट्री वाढली. अर्नीकाका न वाकणारा गुडघा स्टुलावर ठेवून एवढंच म्हणाले, "पोरी, तुझ्या बापाचे सगळे गोल मी मागून पाहिलेत. त्याच्याविरुद्ध माझ्याकडून एक शब्द मिळायचा नाही."

आमच्याकडे उलटा कारभार. तातोंनी जोएलला गोल ऐकवले आणि दर गोलामागे ताटात एकेक पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेली उकडलेली करंजी, वाढली.

"किती खाल्ल्यास?" मी दारात विचारलं.

"उपांत्य सामन्यापर्यंत पोचलो... अंतिम सामना उद्या."

"म्हणजे उद्याही येणार?"

"बक्षिसासाठी," तो म्हणाला. माझ्या टोपीवरचा बर्फ त्याने बोटाने हळूच झटकला. बक्षिसासाठी म्हणे!

शनिवारी त्याने ट्रक नदीकाठी थांबवला. काचेवर आमच्या श्वासांचं धुकं साचलं होतं.

"लारिसा, एक सांगू? तुझ्या तातोंचा जीव आहे त्या बक्षिसात. आणि खरा मानकरी माझे बाबा, असं गावाने एकदा तरी म्हटलेलं मला ऐकायचंय. मी... मी उद्या थोडा कच्चा बोलू का? म्हणजे तातो हरले तरी दोष माझा, तुझ्यावर यायला नको."

माझं डोकंच फिरलं. "तातोंची बाजू तू कच्ची मांडणार? आणि मी लुटुपुटीचं जिंकायचं? जोएल पेनर, मुद्दाम हरलास ना, तर पुन्हा तुझं तोंड पाहणार नाही!"

तो माझ्याकडे वळला. नुसता बघत राहिला... असा, की मलाच खिडकीबाहेर पाहावं लागलं.

रविवारी हॉल गच्च भरला. अध्यक्षा निवृत्त शिक्षिका विल्माबाई. त्यांनी टेबलावर पक, म्हणजे हॉकीची रबरी चकती, आपटला. जोएल उठला आणि काय बोलला म्हणून सांगू! तातोंचा एकेक गोल त्याने असा उभा केला की म्हातारे खुर्च्यांवरून उठले. तातोंची छाती फुगलेली मला दिसत होती. आणि आता मी त्यांच्या विरुद्ध...

मी उठले. पण कच्चं खेळायला बोइचुकांनी मला शिकवलंच नाही.

"त्या साली अर्नीकाका जखमी होऊन बाहेर बसले, तेव्हाही तातो गोल करतच होते," मी म्हणाले, "तरी तेव्हाचा प्रत्येक सामना आपण हरलो. मला साक्षीदाराला एकच विचारायचंय. तातो, तुम्ही आपली जागा सोडून बेधडक पुढे पळायचात. पक हुकला तर? भीती नाही वाटायची?"

तातोंनी टोपी काढून हातात घेतली. मग उभे राहिले.

"भीती कसली? मागे अर्नी होता ना." त्यांचा आवाज फाटला. "तो होता म्हणून मी पळालो. माझं मत अर्नीला."

"गप रे, ऑरेस्ट!" मागून अर्नीकाका ओरडले. "माझं मत तुलाच!"

हात मोजले गेले. अर्नीकाका भरघोस मतांनी जिंकले. मी तातोंकडे बघायला धजत नव्हते, तोच त्यांनी मला मिठीत उचललं आणि दिसेल त्याला सांगत सुटले, "माझ्या पोरीने हरवलं मला! आहे का कुणाकडे अशी पोरगी?" इतकी ताठ मान त्यांची त्या बक्षिसाखालीही मी कधी पाहिली नव्हती.

मग ते जोएलकडे वळले. "आणि तू रे? तुझा बाप जिंकत असताना माझ्यासाठी एवढा जीव तोडून का भांडलास?"

जोएल कानापर्यंत लाल झाला. "ही म्हणाली होती, मुद्दाम हरलास तर तोंड पाहणार नाही." तो अडखळला. "आणि मला तर... हिला रोज पाहायचंय. जन्मभर."

माइक चालूच होता. सगळा हॉल माझ्याकडे वळला. विल्माबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "विरुद्ध पक्षाचं काय म्हणणं?"

मी मान ताठ ठेवली. गाल पेटले होते, पण आवाज अजिबात कापू दिला नाही.

"विरुद्ध पक्ष," मी म्हणाले, "या वेळी विरुद्ध नाही."