उलटा शेरा

चिकटपट्टी कात्रीनं कापावी. ताई दातांनी तोडते.

*

'खुर्ची सुंदर. खोकला वर्णनात नव्हता.'

*

काचेचं सामान बांधताना आधी कागद, मग फुग्यांचं प्लास्टिक, मग पुन्हा कागद. खोकं कानाशी धरून हलवायचं. आतून काही बोललं, तर उघडून पुन्हा बांधायचं.

*

एक निवृत्त टंकलेखक सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेतो. त्याला आता चिमण्या ऐकू येत नाहीत.

*

'वेळेत मिळालं. पुन्हा नक्की घेऊ.'

*

"ढब्बू, जेवलास का?"

*

आता क्रमानं सांगतो.

दुकान म्हणजे आमचं घरच. पुढच्या खोलीत माल, मधल्या खोलीत टेबल, वजनकाटा आणि खोकी. फुग्यांच्या प्लास्टिकची गुंडाळी न्हाणीघराच्या दाराशी उभी असते, आणि पहाटे अर्धवट झोपेत दर वेळी मला तिथं कोणीतरी उभं आहे असं वाटतं. माणूस गेलं, किंवा मुलांकडे कायमचं राहायला गेलं, की मागे घर उरतं आणि नातेवाइकांना ते रिकामं हवं असतं. आम्ही सगळं उचलतो. खुर्च्या, किटल्या, घड्याळं, दिवे. मग एकेक वस्तू लिलावाच्या साइटवर चढवतो. फोटो काढतो मी, वर्णन लिहितो मी. बांधते ताई.

जुन्या मालाची धूळ तिच्या छातीत कित्येक वर्षं बसलेली. दोन आखूड आणि एक लांब, असा तिचा खोकला. घरात ती कुठं आहे हे मला कधी विचारावं लागलं नाही.

गिऱ्हाईक देव असतं असं ज्यानं म्हटलं, त्यानं लिलावाच्या साइटवर काही विकलेलं नसणार. कोट लग्नात मिरवून परत पाठवणारे असतात. स्वतः पाडलेल्या फुलदाणीचे तुकडे गोळा करून 'अशीच आली' म्हणणारे असतात. तारे त्यांच्या हातात. त्यांनी एक तारा दिला की आपली वस्तू यादीत खाली घसरते, आणि खाली घसरलेली वस्तू कोणी पाहत नाही. आमच्या हातात फक्त उलटा शेरा. त्यानं आपल्याबद्दल वाईट लिहिलं की आपण त्याच्याबद्दल लिहायचं. बाकीचे विक्रेते ते वाचतात आणि त्याची बोली घेत नाहीत. साइटला हे आवडत नाही. सगळे करतात.

मला ते चांगलं जमायचं. दुसरे विक्रेतेसुद्धा माझ्याकडून शेरे लिहून घ्यायचे.

"तुझ्या जिभेला हाड नाही," ताई म्हणायची.

"मी बोटांनी लिहितो, ताई. बोटांना असतं."

*

ती खुर्ची साधी होती. वेताची बैठक, हातांवर घासून गुळगुळीत झालेलं लाकूड. बांधायला फार वेळ लागला, कारण पाय वेगळे होत नव्हते. ताई तिच्यासमोर जमिनीवर बसून खोकत होती आणि पायांना कागद गुंडाळत होती.

खुर्ची मिळाल्यावर टंकलेखकानं लिहिलं: 'खुर्ची सुंदर. खोकला वर्णनात नव्हता. पहाटे सुरू होतो. दोन लहान, एक मोठा. कृपया परत घ्यावी.'

परतीची कारणं मी खूप पाहिलेली. रंग फोटोत वेगळा दिसला. बायकोला आवडली नाही. हे नवीन होतं, त्यामुळे मला जरा हुरूप आला. मी लिहिलं: 'चोराच्या उलट्या बोंबा. खुर्चीला खोकला झाला म्हणे. विक्रेतेहो, सावध राहा. बिघाड या गृहस्थांच्या डोक्यात आहे की दानतीत, ते तुम्हीच ठरवा. दोन्ही परत घेतले जात नाहीत.'

ताईला वाचून दाखवलं. ती हसली, आणि हसून थांबली. एरवी तिचं हसणं खोकल्यात जाऊन संपायचं. मला वाटलं, औषध लागू पडलं.

*

'घड्याळ चालू आहे. पण त्यासोबत कोणीतरी बसताना "आई गं" म्हणतं. भीती वाटते. एक तारा.'

त्यालाही मी सोडलं नाही. आता ही टोळी आहे असं माझं मत झालं होतं. एकाच्या युक्तीवरून दुसरा शिकतो.

ताई बसताना "आई गं" म्हणायची. आता घडीची चादर ठेवावी तशी बसायची. नंतर बसेनाशीच झाली. सकाळपासून उभ्यानं बांधायची, पट्टी ओढायची, तोडायची, पुढचं खोकं. पूर्वी दुपारी "दमले रे" म्हणून ती कॉटवर आडवी व्हायची. आता कॉटवर खोकी ठेवलेली. एका बाईनं पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीबद्दल लिहिलं होतं, की पेटी आल्यापासून घरातल्या सगळ्यांना दुपारी फार थकवा येतो. मी उत्तर दिलं, की पेटी उचलायला हमाल लावा.

"फार काम करतेस हल्ली," मी म्हणालो.

"दमायला होत नाही रे. विसरले बहुतेक कसं दमतात ते." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू शिट्टी वाजवत नाहीस हल्ली."

"कामात असतो."

"हं," ती म्हणाली, आणि दातांनी पट्टी तोडली.

मला तेव्हा काही खटकलं नाही, हे खरं आहे. माल वेळेत जात होता.

*

'किटलीसोबत गुणगुणणं फुकट मिळालं. सकाळी चहा करताना साथ होते. विक्रेत्यानं लिहिलं नव्हतं, हा त्यांचा मोठेपणा. पाच तारे.'

पाच तारे मिळाले म्हणून मी सवयीनं 'आभारी आहोत, पुन्हा या' असं लिहिलं. लिहून झाल्यावर हात कीबोर्डवर तसाच राहिला. स्वयंपाकघरात ताई चहा करत होती. पाणी उकळत होतं, कपाला चमचा लागत होता. बाकी काही नव्हतं. ती गुणगुणते हे मला ती गुणगुणायची थांबल्यावर आठवलं.

मी मागचे शेरे काढून एकामागोमाग एक वाचले. मग मधल्या खोलीत जाऊन ताईला म्हणालो, "आजपासून तू बांधू नकोस."

"मग कोण बांधणार?"

"कोणीच नाही. आपण थोडे दिवस बंद ठेवू."

"बरं," ती म्हणाली, आणि खोक्याचा तळ दुमडला. मी चिकटपट्टी लपवली. तिनं सुतळी घेतली. सुतळी लपवली, तेव्हा जुन्या चादरीच्या चिंध्या काढल्या. मी दार लावून आंघोळीला गेलो, तेवढ्यात कुरिअरवाला येऊन एक खोकं घेऊन गेला. टेबलावरच्या दिव्याचं.

दिवा एका नर्सकडे गेला. तिचा शेरा दुपारी आला, आम्ही ताटावर बसलो असताना. मीच बसलो होतो. ताई उभी होती.

'दिवा मंद आहे, पण तक्रार नाही. रोज दुपारी कोणीतरी विचारतं, "ढब्बू, जेवलास का?" माझं नाव ढब्बू नाही. पण मी हो म्हणते. ड्यूटीवरून रिकाम्या घरी येते मी. बरं वाटतं.'

मला ढब्बू म्हणणारं या जगात एकच माणूस आहे.

"ताई."

"काय?"

"मी कोण?"

तिनं चिंधीचं टोक नखानं शोधलं. "तू ना?" ती म्हणाली. "तू वर्णन लिहितोस."

*

मी नर्सला लिहिलं, दिवा परत द्या, बदल्यात हवं ते घ्या. तिचं उत्तर आलं: 'विकलेली वस्तू विक्रेता परत मागू शकतो असं तुमच्या अटींत लिहिलेलं नाही. मी वाचल्या.' किटलीवाला उत्तरच देईना. घड्याळवाल्यानं माझे निरोप बंद करून ठेवले होते. पेटीवाल्या बाईनंही.

ज्याला स्वतःहून परत द्यायचं होतं असा एकच माणूस होता, आणि त्याला मी चारचौघांत वेडा म्हटलं होतं. खुर्चीच्या पावतीवर त्याचा पत्ता होता. मी बसनं गेलो.

दार त्याच्या मुलीनं उघडलं. मी कोण ते सांगितलं.

"म्हणजे तो शेराही तुमचाच."

"हो. तोच मागे घ्यायला आलोय. आणि खुर्ची न्यायला."

"चांगलं लिहिता. मी तो छापून डॉक्टरांना दाखवला. म्हटलं, बघा, परक्या माणसालाही कळतंय."

टंकलेखक खिडकीशी मांडीवर उशी घेऊन बसला होता. त्याची बोटं उशीवर काहीतरी टाइप करत होती. "या," तो म्हणाला. "मला आता ऐकू येत नाही हं ते. गोळ्यांनी गेलं."

"खोकला?"

"खोकला गेला. चिमण्या पण गेल्या. पण ठीक आहे. झोप लागते."

खुर्ची बोळात होती, भिंतीकडे तोंड करून, वर चादर. मुलगी चहा ओतत होती. तेवढ्यात बोळातून आवाज आला. दोन आखूड. एक लांब.

चहाची धार तुटली. मग पुन्हा लागली.

"वरचे लोक दारं आपटतात," मुलगी म्हणाली.

टंकलेखकाची बोटं थांबली होती. त्यानं आवाज ऐकला नव्हता. त्यानं आमचे चेहरे पाहिले होते. "काही झालं का?" त्यानं मला विचारलं. "खरं सांगा. तुम्ही वस्तूंचे जाणकार."

मुलगी माझ्याकडे बघत होती.

"नाही, काका," मी म्हणालो. "काही नाही."

त्यानं मान हलवली आणि तो पुन्हा उशीवर टाइप करू लागला.

खुर्ची खाली आणायला मुलीनं हात लावला. जिन्याच्या वळणावर खुर्ची चादरीखाली पुन्हा खोकली. आम्ही दोघंही थांबलो नाही. खाली आल्यावर मुलगी म्हणाली, "तो शेरा राहू दे. आता काढलात तर मी त्यांना काय सांगू?"

*

घरी आलो तेव्हा ऊन कलत होतं. ताई मधल्या खोलीत उभी होती. मी खुर्ची तिच्यासमोर ठेवली आणि चादर काढली.

तिनं खुर्चीची उंची मापली. "ही कुठे जायचीय?"

"कुठेच नाही. बस हिच्यात."

ती बसली. मी वाट पाहिली. काही झालं नाही. ती उठली, टेबलाशी गेली, कागद ओढू लागली.

"ताई, एकदा खोक ना."

"कशाला?"

"माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी," ती म्हणाली. लिहून घ्यावं तसं. मग हातातला कागद खाली ठेवला आणि तोंड उघडलं. खांदे हलले. गळ्याची शीर ताठ झाली.

आवाज माझ्या मागून आला. खुर्चीतून.

दोन आखूड.

ताईनं तोंड मिटलं नाही. खांदे पुन्हा वर गेले.

एक लांब.

"झालं?" तिनं विचारलं. मग कागद उचलला, आणि माझ्या खांद्यांची रुंदी टेपनं मापली.

मी हललो नाही. फार थकलो होतो.

*

ताईचा हात भाजला होता, त्या वर्षी सगळी खोकी मी बांधली होती. माझी शिट्टी त्यातल्याच एखाद्यातून गेली असेल.