चांद्याचं आवतन

पोळ्याच्या आदल्या दिवशी अन्नपूर्णाबाईंनी अनुपमाला हळद आणायला दुकानात पिटाळलं. घरात बैल नाहीत. शेवटची जोडी विकल्यापासून अनुपमाचे वडील उकंडराव भाजीचं वावर भाड्याच्या ट्रॅक्टरने नांगरतात. मग बैलांच्या खांद्यांना लावायची खांदशेकणीची हळद कुणासाठी, असं लेकीने आईला विचारलं नाही. ती चांद्यासाठी होती, आणि चांद्या टीव्हीत होता.

चांद्या म्हणजे अनुपमाच्या भावाच्या, हरिओमच्या गेममधला घोडा. गडकिल्ल्यांच्या काळातला एक स्वार, त्याची मोहीम, आणि शीळ घातली की कुठूनही दौडत येणारा हा पांढऱ्या कपाळाचा घोडा. हरिओमने त्याला विकलेल्या बैलाचं नाव दिलं होतं. दर खांदशेकणीला तो आईला ओढून टीव्हीसमोर बसवायचा, आणि ती माउली हसत हसत काचेवरच्या घोड्याच्या खांद्याला हळद-लोणी लावायची. मोहिमेच्या शेवटी घोडा मरतो हे मित्रांकडून कळलं, तेव्हा पठ्ठ्याने मोहीमच अर्धवट सोडली. "मी त्याले मरू देत नाही," म्हणायचा. मेला तो स्वतःच. नांदुऱ्याला भाजी टाकून परत येताना, वडनेरच्या अलीकडे, हायवेवर.

त्याला वर्ष होत आलं होतं, तरी त्याची खोली रिकामी झाली नव्हती. दुपारी आत कुणी नसताना खाट करकरायची. त्याच्या जास्वंदी तेलाचा वास यायचा. अनुपमा भ्यायची, आणि तरी तिथे जाऊन बसायची. आई तर त्या करकरण्यावरच जगत होती. खाट वाजली की मगच तिच्या घशाखाली घास उतरायचा.

"आई, यंदा राहू दे नं," गेम लावता लावता अनुपमा म्हणाली.

"काऊन राहू देऊ? त्याच्या जनावराले उपाशी ठेवू?"

अन्नपूर्णाबाईंनी काचेवर हळद-लोणी चोळलं. यंदा त्या हसल्या नाहीत. बैलांना देतात तसंच आवतन त्यांनी दिलं. "चांद्या, आज आवतन घे, उद्या जेवाले ये." मग काचेजवळ तोंड नेऊन हळूच म्हणाल्या, "अन् तुह्या धन्याले भेटून जाय. तो अंदरच हाय."

घोड्याने कान टवकारले. तसे तो नेहमीच टवकारायचा.

पोळ्याच्या दिवशी दुपार कलल्यावर उकंडराव गावचे बैल जमतात त्या वेशीवरच्या तोरणाकडे गेले. मायलेकी दोघीच घरी. सकाळच्या पावसाने अंगण मऊ झालं होतं. अन्नपूर्णाबाईंनी पुरणपोळीचं ताट उंबऱ्यावर ठेवलं आणि लाईट गेली. वेशीकडची वाजंत्री ऐकू येईनाशी झाली.

टाप... टाप...

कुणी तरी सावकाश अंगणात येत होतं. दारात काहीच दिसत नव्हतं. घामेजल्या जनावराचा, ओल्या चामड्याचा वास तेवढा घरात शिरला. अनुपमाने आईचा हात धरला.

"आला..." आई पुटपुटली.

आतल्या खोलीत खाट करकरली. एकदाच, कुणी उठल्यावर करकरते तशी. मग जास्वंदी तेलाचा वास खोलीतून निघाला, दोघींच्या मधून गेला आणि दाराकडे सरकला.

आईने हात पुढे केला. "हरी... जेवून तरी जाय, बापा..."

बाहेर रिकीब खणकली. टापा भरधाव वावराकडे गेल्या.

ताट चाटून पुसून स्वच्छ झालं होतं. अंगणात खूर उमटले होते. येतानाचे उथळ, जेमतेम दिसणारे. जातानाचे खोल. अन्नपूर्णाबाई त्यातल्या एका खुरात तळवा ठेवून खाली बसल्या.

"मले वाटलं, घोडा भेटून जाईन," त्या म्हणाल्या. "मीच पोराले घराबाहेर काढलं वं."

लाईट आल्यावर अनुपमाने गेम लावला. स्वार गडाच्या दरवाजात एकटाच उभा होता. तिने कितीदा तरी शीळ दिली. घोडा आला नाही. खाट त्यानंतर कधी वाजली नाही, तेलाचा वास गेला तो गेलाच. हरिओम खरा त्या दिवशी गेला, असं अनुपमाला वाटतं, आणि ती पुन्हा पहिल्यापासून रडते.

आई रडत नाही. जेवतही नाही. रोज दुपारी उंबऱ्यावर बसून तोंडाने शीळ घालून पाहते. जन्मात कधी शीळ न घातलेली बाई ती, ओठांतून नुसती हवा येते.

परवा मात्र शीळ नीट वाजली. स्वयंपाकघरात अनुपमाच्या हातातली परात तशीच राहिली, कारण वावरापलीकडून टापा ऐकू येऊ लागल्या होत्या. हलक्या, पाठीवर कुणी नसल्यासारख्या.

ती धावत दारात आली. आई उभी होती. तिने केस विंचरले होते आणि पायात बाहेर जायच्या चपला घातल्या होत्या.