कुंकू लागलेला लॅपटॉप

"कुंकू कोणी लावलं?"

माझा लॅपटॉप उलटासुलटा करून तो बघत होता आणि हसू दाबत होता. हसू दाबणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत. हसायचं तर सरळ हसावं.

"आईने," मी तोऱ्यात म्हटलं. "काल दसरा होता. आमच्याकडे कामाच्या वस्तूंची पूजा करतात. तुमच्याकडे नाही करत?"

"करतो की. पण पाणी शिंपडून नाही."

"फुलानेच शिंपडलं होतं... दोन-तीनदा."

आता मात्र तो मोकळा हसला. त्याचा एक दात दुसऱ्यावर किंचित चढलेला होता, आणि तो मला आवडला याचा मला भयंकर राग आला.

नाशिकच्या अशोकस्तंभाजवळच्या गल्लीतलं ते दुकान मला ठाऊकही नव्हतं. नेहमीचा दुरुस्तीवाला सणाला गावी गेलेला, बाहेर परतीचा पाऊस आडवा कोसळत होता, आणि मी ओढणीखाली लॅपटॉप धरून दिसेल त्या उघड्या शटरमध्ये शिरले होते. पाटीवर अजून 'टाइपरायटर दुरुस्ती' असंच लिहिलेलं. त्याच्या वडिलांच्या काळातलं. त्याचं नाव जीवन.

"बॅकअप आहे ना, मॅडम?"

"आहे. पेन ड्राइव्हवर."

"छान. कुठे आहे तो?"

मी लॅपटॉपच्या कडेला बोट दाखवलं. पेन ड्राइव्ह तिथेच खोचलेला होता. आईने त्यालाही मनोभावे कुंकू लावलं होतं.

या वेळी तो हसला नाही. "काय होतं यात?"

सांगावं की नाही... पण सांगितलं. मी तेजल, हरसूलकडच्या एका आश्रमशाळेत पहिलीला शिकवते. मुलं घरी कोकणी, म्हणजे तिथल्या कोकणा आदिवासींची बोली, बोलतात आणि पुस्तक बोलतं भलतंच. पहिल्या आठवड्यात मुलं गप्प होतात, आणि काही तर गप्पच राहतात. म्हणून तीन वर्षं मी त्यांच्या घरातले शब्द गोळा करत होते. साडेतीनशे शब्द, त्यांचा शब्दकोश, प्रत्येक शब्द भागीबाईंच्या आवाजात. भागीबाई आमच्या शाळेत स्वयंपाक करायच्या.

"मग त्यांच्याकडून पुन्हा—"

"या उन्हाळ्यात गेल्या त्या."

शेजारी हाक मारून त्याने चहा सांगितला, एक जुना टूथब्रश घेतला आणि लॅपटॉप उघडून आतल्या सर्किटच्या पट्टीवरचं कुंकू हलक्या हाताने काढायला लागला. मी त्याच्या बोटांकडे बघत बसले. चहा गार झाला.

चौथ्या दिवशी फोन आला. "मॅडम, या. बाई बोलायला लागल्या."

धावतच गेले. लॅपटॉप गेला तो गेलाच होता, पेन ड्राइव्हही. पण आतली डिस्क त्याने वाचवली होती. त्याच्या टेबलावरच्या स्पीकरमधून भागीबाई मला दटावत होत्या, "नीट आयक गं बाय, परत नाय सांगनार मी!" मी तिथे उभी राहून रडले. मला लाज वाटली नाही.

"आता हे क्लाउडवर ठेवू," तो म्हणाला. "नवीन लॅपटॉप घ्याल, त्याचीही पूजा होईल."

"क्लाउड नको."

"का?"

"का म्हणजे? आमच्या घरात माझा फोन कुणीही उघडतं. आई मेसेज वाचते, बाबा फोटो बघतात, आत्या आली की ती दोन्ही करते. एवढा एक कोपरा माझा आहे, तोही परक्याच्या कपाटात नेऊन ठेवू?"

"ठेवा, पण कुलूप तुमचं लावून. फाइल इथून निघायच्या आधीच बंद होते. किल्ली फक्त तुमच्याकडे. ज्यांचं कपाट आहे त्यांनाही ती उघडत नाही, मलाही नाही."

"आणि मी किल्ली विसरले तर?"

"मग देवालाही उघडत नाही. म्हणून एक विश्वासातला माणूस नेमायचा. तुम्हाला काही झालं, तर ठरलेल्या मुदतीनंतर त्याला उघडता येतं. घरातल्या कुणाचं तरी नाव टाका."

"ते नंतर बघू."

"बरं. आता पासवर्ड टाका," असं म्हणून त्याने खुर्ची गर्रकन फिरवली आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला.

मी बघतच राहिले. त्याची मान, शर्टाची उसवलेली कॉलर, समोरचं जुनं कॅलेंडर... सव्वीस वर्षांत माझ्यासाठी कुणी असं तोंड फिरवलं नव्हतं. मी मुद्दाम हळूहळू टाइप केलं. भागीबाईंनी ओळखायला शिकवलेल्या चार रानभाज्या, त्यांनी सांगितलेल्या नावांनी. नाशिकमध्ये कुणाच्या बापाला ओळखू येणार नाहीत अशा.

"झालं?" भिंतीकडूनच त्याने विचारलं.

"नाही अजून," मी म्हटलं. झालं होतं.

मी नवा लॅपटॉप घेतला आणि दर शनिवारी दुकानात जायला लागले.

"बॅकअप तपासायला आले."

"तो आपोआप होतो."

"तपासलेला बरा."

"ते मात्र खरं," तो गंभीरपणे म्हणायचा. "अधूनमधून एक फाइल परत उतरवून बघावी. नाहीतर बॅकअप आहे हा नुसता समज असतो."

म्हणून दर शनिवारी आम्ही एक शब्द परत उतरवून ऐकायचो. मी पासवर्ड टाकताना तो भिंतीकडे वळायचा, भागीबाई बोलायच्या, तो शब्द म्हणून बघायचा आणि हमखास चुकायचा. मी हसायचे. कितव्या शब्दाला 'मॅडम'ची तेजल झाली आणि 'अहो'चं 'अरे' झालं, ते आठवत नाही... साडेतीनशे शब्द आणि आठवड्याला एक. मी घरी येऊन हिशेब केला होता. जवळजवळ सात वर्षं निघत होती!

"ते नाव टाकलंस का?" तो दर वेळी आठवण करायचा.

"टाकीन."

जानेवारीत नांदगावचं स्थळ आलं. मुलगा चांगला होता, पण त्यांना हरसूलची नोकरी नको होती. मी नाही म्हटलं. बाबांनी, म्हणजे रंगनाथरावांनी, माझं 'नाही' ऐकलंच नाही असं दाखवलं.

आणि एका संध्याकाळी शाळेतून आले, तर टेबल रिकामं.

"लॅपटॉप सार्थकला दिला," बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले. सार्थक माझा आतेभाऊ. "कॉलेजला लागत होता त्याला. सगळं पुसून कोरा करून घेतलाय त्याने. आता तरी ते हरसूल डोक्यातून काढ बाई. तुझ्या भल्यासाठीच करतो मी."

आई मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

तीन वर्षं पुसून टाकली, आणि आवाज चढवायचीही गरज वाटली नाही त्यांना! माझे कान तापले. पण ऑक्टोबरची तेजल आता राहिली नव्हती.

"बाबा, त्यातलं काहीच गेलेलं नाही. सगळं दुसरीकडे ठेवलंय मी."

वर्तमानपत्र खाली आलं. "दुसरीकडे कुठे? कुणाकडे?"

"कुलूप लावून ठेवलंय. किल्ली माझ्याकडे आहे."

"पासवर्ड सांग."

"नाही सांगणार. आणि उद्या सकाळच्या एसटीने मी हरसूलला जाणार आहे, रोजच्यासारखी. नांदगावला तसं कळवून टाका."

"तेजल!"

आईचा हात मेथीवर थांबला होता. मी चपला घातल्या तेव्हा ती हळूच म्हणाली, "स्वेटर घे, थंडी आहे." तेवढंच. पण मला ते पुरलं.

जीवन शटर ओढायच्या तयारीत होता. माझा चेहरा बघून त्याने ते परत वर ढकललं. मी सगळं सांगितलं. त्याने स्वतःचा कॉम्प्युटर माझ्यासमोर सरकवला, खुर्ची फिरवली आणि नेहमीसारखा भिंतीकडे तोंड करून बसला. तशा वेळीसुद्धा!

चार रानभाज्या टाइप केल्या. एकेक करून शब्द उतरायला लागले. दहा... शंभर... तीनशे... साडेतीनशे. एकही कमी नव्हता. मी मधलाच एक लावला आणि भागीबाई खणखणीत बोलल्या. भिंतीकडे बघत जीवननेही तो शब्द म्हटला, आणि पहिल्यांदाच बरोबर म्हटला.

तेव्हाच मी ठरवलं. ऑक्टोबरपासून रिकामी ठेवलेली ती विश्वासातल्या माणसाची जागा उघडली आणि नाव टाकलं.

"वळ इकडे."

"पासवर्ड दिसेल."

"दिसत नाही. वळ म्हणतेय ना!"

तो वळला. पडद्यावरचं स्वतःचं नाव त्याने वाचलं, परत वाचलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या.

"तेजल... इथे घरातल्या माणसाचं नाव टाकायला सांगितलं होतं मी."

"मग? तेच टाकलंय."

त्याचा हात टेबलावरून सरकत आला आणि माझ्या हाताच्या बोटभर अलीकडे थांबला. विचारत असल्यासारखा. ते बोटभर अंतर मी पार केलं.

"आणि बाबा?" त्याने हळूच विचारलं.

"ते विचारत होते, एवढं सगळं कुणाकडे ठेवलंस म्हणून," मी म्हटलं. "रविवारी घरी ये आणि तूच सांग."