भिंतीमागची अकरा माणसं

“सर, राणीच्या पायात कॅलिपर असला तर नाटक पडतं का हो?”

प्रश्न माझा नव्हता, पैज होती. सुरेखा म्हणाली होती, “प्रज्ञे, विचारून दाखव, दोन प्लेट भेळ माझ्याकडून. नाही विचारलंस तर वर्षभर माझं दप्तर तू उचलायचं.” पायात लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर घालून स्वतःचंच दप्तर उचलून चालताना माझी वरात निघते, त्यात तिचं कुठे घेऊ? म्हणून विचारून टाकलं.

पारनेरच्या आमच्या रंगविहार नाट्यगृहात राणीच्या कामासाठी मुलगी निवडत होते. शाळेतल्या आम्ही सोळा जणी ओळीने उभ्या होतो. नाटक बसवणारे राधाकृष्ण सर समोर, आणि शेजारी नाट्यगृहाचे सेक्रेटरी सूर्यभान अण्णा चष्मा पुसत बसलेले. माझा प्रश्न ऐकून अण्णांचा हात थांबला. मी लगेच दाराकडे बोट दाखवलं. तिथे त्याच महिन्यात नवी पाटी लागली होती, पांढऱ्यावर निळी अक्षरं: ‘येथे सर्वांना एकाच दाराने प्रवेश. जात, धर्म, वय, अपंगत्व यांवरून कोणालाही मागे ठेवले जाणार नाही.’ खाली अण्णांचीच सही.

“वाच,” म्हणून सरांनी वही पुढे केली. मी वाचलं. नववी अ, मराठीत पहिली, आणि आवाज असा की मैदानाच्या टोकाची शेरडं मान वर करतात. वाचून झाल्यावर सर म्हणाले, “ठीक आहे. राणी लढाईत जखमी झाली होती, असं धरू.”

“लढाई कशाला, सर? राणीलाही पोलिओ झाला असेल की.”

सगळे हसले. अण्णाही. काम मला मिळालं. भेळ मात्र सुरेखाने एकच प्लेट दिली.

अडचण पुढे होती. स्टेजवर जायला नऊ पायऱ्या, अरुंद, कठडा नाही. अण्णांनी पाटीवरचा शब्द पाळायचं ठरवलं. नाट्यगृहामागची जमीन उंच, जवळजवळ स्टेजच्या पातळीला आहे. तिकडची भिंत फोडून दार काढायचं आणि बाहेरून उतार करायचा. गवंडीकाम माझ्या भीमराज मामाकडे आलं. त्याने मागची वेडी बाभूळ तोडली, तेव्हा कित्येक वर्षांनी ती भिंत उघडी पडली.

भिंतीवर डाग होते. गोल, काळपट, तुळतुळीत. एका ओळीत अकरा.

मला मोजायची सवय आहे. मी पट्टी लावली. दहा डाग जमिनीपासून पंचाहत्तर सेंटीमीटरच्या आसपास, आणि डाव्या टोकाचा एक ठेंगणा, पंचावन्नवर.

आप्पा सुप्याच्या कंपनीतून पहिली पाळी करून मला न्यायला आले होते. त्यांनी सायकल झाडाला टेकवली आणि ते भिंतीजवळ गेले.

“हितं आपली मानसं बसायची,” ते म्हणाले. “आत घेत न्हवते. मग हितं, भिंतीला डोकं टेकून. त्येलाचे डाग हायेत हे.”

“मागून काय ऐकू येणार, आप्पा?”

“अगं, लोकांपेक्षा जास्ती! भिंतीच्या पलीकडंच प्रॉम्प्टर बसायचा. वाक्य आधी आपल्या मानसांना ऐकू यायचं, मग नटाला, मग गावाला.” ते हसले. “तुजी आजी अख्खी नाटकं म्हनून दाखवायची. बघितलं मात्र एकबी न्हवतं.” त्यांनी ठेंगण्या डागाकडे बोट केलं. “ते तिचं. नऊ वर्सांची हुती.”

आजीला जाऊन सहा वर्षं झाली. ती डोक्याला करडईचं तेल लावायची, खोबरेल परवडायचं नाही म्हणून. त्याचा उग्र वास मला अजून आठवतो. मी त्या डागाजवळ नाक नेलं. नुसता मातीचा वास.

मामाने दार काढलं. ज्या जागी भिंत फोडली तिथले तीन डाग विटांबरोबर गेले. उरलेल्या भिंतीला त्याने चुना मारला. तीन दिवसांनी डाग पुन्हा वर आले.

“त्येल मुरल्यालं असतं भिंतीत,” मामा म्हणाला. “चुना धरत न्हाई त्याच्यावर.”

मला पटलं. त्याने जुना गिलावा पार विटांपर्यंत खरवडला, सिमेंटचा नवा केला, चुन्याचे दोन हात दिले. रविवारी मी तालमीला गेले तेव्हा मामा थापी हातात धरून भिंतीसमोर उभा होता.

“पट्टी आनली का गं? मोज.”

आठ असायला हवे होते. मी दोनदा मोजले. अकरा होते. आधी दोन डागांमध्ये हातभर अंतर होतं, आता वीतभर. दारासाठी जागा करून सगळे सरकून बसल्यासारखे.

मामाने थापी धुतली आणि पिशवीत टाकली. “उतार झालाय. भिंतीला आता मी हात लावायचो न्हाई.”

उतार छान झाला होता. मी एकटी, कुणाचा हात न धरता, खट्‌ खट्‌ करत स्टेजवर गेले. काय सांगू! शाळेच्या नऊ वर्षांत पहिल्यांदा मला कुणी उचलून वर ठेवलं नव्हतं.

त्याच दिवशी प्रॉम्प्टर कल्याणला गालगुंड झालं होतं, म्हणून तो आला नव्हता. दुसऱ्या अंकात मी अडले. घशापर्यंत आलेलं वाक्य निसटलं. तेवढ्यात मागून, अगदी हळू, ते कुणीतरी सांगितलं. मी धरलं आणि पुढे गेले. तालीम संपल्यावर सर म्हणाले, “शाबास, कल्याण, वेळेवर दिलंस.” मग त्यांनी कोपऱ्यातल्या रिकाम्या स्टुलाकडे बघितलं, आणि वही मिटून घेतली.

मी दार उघडून बाहेर बघितलं. उतारावर दुपारचं ऊन होतं. कुणी नव्हतं.

डिसेंबरात अण्णांनी मला बाजूला घेतलं. वाईट माणूस नाही तो, हे आधीच सांगते. “पोरी, इथला प्रयोग तुझाच. पण फेब्रुवारीत नगरला स्पर्धा आहे. तिथल्या स्टेजला उतार नाही, आणि परीक्षक काय म्हणतील कोण जाणे. तिथे तू पडद्यामागून बोल. सुरेखा वर उभी राहील, ओठ हलवेल. आवाज तर तुझाच ना!”

सुरेखा भडकली. “मी ओठ हलवू? मी काय मासा आहे?”

सर वहीची पानं चाळत राहिले. मी घरी सांगितलं नाही. आई पन्नास जणींना सांगून बसली होती की पोरगी नगर गाजवणार.

आप्पांनी मात्र त्याच आठवड्यात अण्णांकडे जाऊन एक मागणं मागितलं. पहिल्या रांगेतल्या अकरा खुर्च्या भिंतीमागे बसणाऱ्यांच्या नावाने ठेवा. त्यांतलं आता कुणी हयात नाही, तरी ठेवा. अण्णांनी कमिटीत ठराव केला आणि अकरा पांढऱ्या खोळी शिवून आणल्या.

सव्वीस जानेवारी, रविवार, दुपारी चारचा प्रयोग. लांबच्या वाड्यावस्त्यांच्या बायकांना परतीची एसटी मिळावी म्हणून चारचा. चारशे माणूस. बाजूच्या रांगेत कुबड्या घेऊन आलेले तिघे, एक आंधळे गुरुजी, आणि पहिल्यांदाच आमच्या वस्तीची माणसं पार मधोमध. पहिली रांग पांढरीशुभ्र, रिकामी.

मी नऊवारी नेसून उताराने वर गेले. कॅलिपर झाकायला मी नकार दिला होता. पहिल्या खट्‌ आवाजाला कुणीतरी हसलं, दुसऱ्याला नाही.

शेवटचा प्रवेश. गडाचा दरवाजा. रात्रीच्या पावसात कोण आलंय माहीत नाही. पहारेकरी विचारतो, “राणीसरकार, हुकूम?”

आणि मला काहीच आठवेना.

मी कल्याणकडे बघितलं. तो पानं उलटत होता. दोन पानं एकदम गेली होती.

मी मागच्या भिंतीकडे कान दिला.

भिंत गप्प होती.

मग आवाज आला. मागून नाही. समोरून.

पहिल्या रांगेतून. कुजबुज. बऱ्याच तोंडांची, पण एका दमातली. त्यात एक आवाज बारीक होता, लहान मुलीचा. तो बाकीच्यांच्या अर्धा शब्द पुढे होता.

“दरवाजा उघडा. येणाऱ्याचं नाव-गाव विचारू नका.”

मी ते म्हटलं. मैदानाच्या टोकापर्यंत जाईल असं म्हटलं.

टाळ्या थांबेनात. आप्पा उभे राहून टाळ्या वाजवत होते. अण्णासुद्धा.

माणसं गेल्यावर सुरेखा आणि मी खोळी काढायला गेलो. दहा खुर्च्यांच्या पाठीवर, डोकं टेकतं तिथे, गोल काळपट डाग होते. अकरावीवर डाग खूप खाली होता.

सुरेखाने बोट लावलं. “प्रज्ञे, ओलं आहे गं.”

करडईच्या तेलाचा वास होता. मी या वेळी मोजलं नाही. मागच्या दाराने बाहेर जाऊन भिंत तेवढी बघितली. ती पांढरी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली असेलही थोडी. पण छाती एवढी फुगली होती की तिला जागा कुठली?

घरी आले तेव्हा आई भाकरी थापत होती आणि आप्पा रेडिओचे सेल बदलत होते. काय सांगायचं ते मी वाटेतच ठरवलं होतं. मी दाराशी उभी राहिले आणि स्टेजवर घेतात तसा श्वास घेतला.

“बसून चढशील खरी,” आई तव्यावरून नजर न काढता म्हणाली, “पन नऊवारी मळंल त्याचं काय?”

मी अजून तोंड उघडलं नव्हतं.

“मळू दे, धुऊ,” आप्पा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. “बरोबर बोललीस, पोरी. पन भिंतीमागून कशाला? आत येऊन सांगायचं की.”

चुलीमागच्या भिंतीपलीकडे आमचं काही नाही. ज्वारीचं रान आहे. आई शेंगदाण्याचं तेल वापरते, आणि घरात करडईचा वास होता.

मी आत आले, पाठ सरळ केली, आणि माझं वाक्य माझ्या तोंडाने म्हटलं.

“नगरला राणी मीच होणार. उतार नसला तर पायऱ्या बसून चढेन, पण भिंतीमागून बोलणार नाही.”