सात पुड्या, एकच वास

मंगळवारी सकाळी चष्मेवाला चौथी पुडी आणायला तंबाखूच्या दुकानात गेला, तेव्हा त्याची जीभ इतकी पोळली होती की बोलताना ती दातांना लागू नये म्हणून तो जपत होता. चाळीस वर्षं लोकांच्या नाकावर चष्मे बसवून झाल्यावर गेल्याच महिन्यात त्याने दुकान पुतण्याच्या हाती सोपवलं होतं. घरी बसून हातांना काम काय द्यावं ते कळेना, म्हणून त्याने पाइप ओढायला शिकायचं मनावर घेतलं. जन्मात कधी विडी न ओढलेल्या माणसाला अठ्ठावन्नाव्या वर्षी हे खूळ कुठून सुचलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. दुसऱ्या कुणी कुंड्यांत गुलाब लावले असते.

तंबाखूवाली काचेच्या बरण्यांच्या रांगेमागे उंच स्टुलावर बसली होती. वाळकी, सत्तरीची बाई. तिच्या नाकावरचा चष्माही त्यानेच बसवलेला.

“जीभ?” तिने वर न बघताच विचारलं.

“जीभ. टाळू. आणि शिवाय तो विझतो! एका वेळेला सतरा काड्या लागतात मला. पाइप ओढतोय की ओली लाकडं पेटवतोय, काही कळत नाही.”

“घट्ट भरता तुम्ही. आणि भाता मारल्यासारखा ओढता. नवशिके सगळे तेच करतात. विझला तर विझू द्या, परत पेटवा. घाई कसली आहे आता तुम्हाला?”

“ते सोडा. माझी तक्रार वेगळी आहे.” त्याने खिशातून वही काढली. माणूस काटेकोर होता. प्रत्येक मिश्रणाला त्याने क्रमांक दिला होता. “पहिली पुडी व्हॅनिलाची. उघडली की बेकरीत शिरल्यासारखं वाटतं. दुसरी चेरीची. तिसरी साधी व्हर्जिनिया, सुक्या गवतासारखी. बरोबर? मग पेटवल्यावर तिन्हींना एकच वास कसा येतो?”

बाईने त्याने सोबत आणलेल्या पहिल्या पुडीतली चिमूट घेऊन स्वतःच्या पाइपात भरली, पेटवली, धूर सोडला. दुकानभर गोड व्हॅनिला दरवळला. तिने नुसती भुवई वर केली. चष्मेवाल्याला स्वतःचाच राग आला.

“पाइप कुणाचा जुना वापरताय का?” तिने विचारलं. “जुन्या पाइपात आधीचा माणूस मुरलेला असतो. काहीही भरा, त्याचाच तंबाखू वर येतो.”

“नवा आहे! तुमच्याकडूनच तर नेला.”

“मग हा न्या.” तिने मक्याच्या कणसाचा एक स्वस्तातला पाइप पुढे केला. “लाकूडच नको. आणि ही बर्ली. हिला स्वतःचा असा वास नसतोच म्हटलं तरी चालेल. हिलाही तोच वास आला, तर दोष तुमच्या नाकाचा.”

घर त्याच्या बायकोचं होतं. म्हणजे मूळचं तिच्या पहिल्या नवऱ्याचं. तो नकाशे काढायचा आणि सोळा वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्याने गेला. पुढे पाच वर्षांनी ती नंबर तपासून घ्यायला चष्मेवाल्याकडे आली, मग फ्रेम बदलायला आली, मग स्क्रू सैल झाला म्हणून आली, आणि त्या खेपेला स्क्रू मुळीच सैल नव्हता. लग्न करून तो या घरात आला तेव्हा पहिल्याची काडीसुद्धा मागे उरली नव्हती. एक फोटो नाही, शर्ट नाही, पेन्सिल नाही. तिनेच सगळं देऊन टाकलं होतं. चष्मेवाल्याला तेव्हा हायसं वाटलं होतं.

पण अकरा वर्षांत बायको त्याच्याशी एकदाही भांडली नाही. रुसली नाही. आणि खरं सांगायचं तर उगाच म्हणून कधी त्याच्याजवळ येऊन बसलीही नाही. जेवण वेळेवर, औषध वेळेवर, बोलणं गोड. चांगल्या घरमालकिणीने चांगल्या भाडेकरूशी वागावं तसं सगळं चाललं होतं. याचं त्याला फार वाईट वाटायचं, पण तक्रार करायला बोट ठेवावं कुठे, ते सापडत नसे.

पाइप आला आणि ती येऊन बसू लागली.

दुपारी दोनला मागच्या खोलीतल्या खिडकीजवळच्या टेबलावर तो आपला पसारा मांडायचा. पुडी, काड्या, बशी, तंबाखू दाबायची पितळी दांडी. भरायचा, पेटवायचा, विझायचा. परत पेटवायचा. कपाळावर आठ्या, दातांत शिव्या. मग कधीतरी तो वास सुटायचा. लवंगेसारखा, पण त्याच्या आत डांबर, आणि सगळ्यांत खाली भिजलेल्या दोरखंडासारखं काहीतरी. तो सुटला की स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबे. बायको हात पुसत येई, समोरच्या खुर्चीवर बसे आणि बोलू लागे. शाळेतल्या गोष्टी, कुठल्याशा बोटीच्या प्रवासाच्या गोष्टी. हसे. एकदा तर बोलता बोलता “ऐकतोस ना?” म्हणाली. अकरा वर्षं ‘अहो’ ऐकलेल्या चष्मेवाल्याचा जीव इतका हरखला की पुढे ती काय म्हणाली ते त्याला ऐकूच आलं नाही.

मक्याच्या पाइपातल्या बर्लीलाही तोच वास आला. त्याने वहीत लिहिलं, ‘क्रमांक चार, तेच’, आणि पेन्सिल आपटली. पण बायको येऊन बसली होती. त्यामुळे राग धरावा की नाही, हे त्याला ठरवता येईना.

एक गोष्ट मात्र त्याला खटकत होती, आणि ती धंद्यातली होती. बोलताना बायको त्याच्याकडे बघत नसे. त्याच्या डोक्यावर वीतभर बघत असे. दुहेरी काचेचा चष्मा घसरला की माणसं अशी मान उचलून भलतीकडे बघतात, हे त्याने हजारदा पाहिलं होतं. त्याने तिचा चष्मा काढून घेतला, दांड्या वाकवल्या, नाकावरच्या गाद्या बदलल्या.

“आता?”

“आधीपासून नीटच दिसतंय हो मला.”

आणि पाइप पेटला की नजर परत वीतभर वर. त्याने घरीच नंबर तपासला. बरोबर. पुन्हा तपासला. काचेतली रेघ एका मिलिमीटरने खाली घेतली. चाळीस वर्षांत कुठल्या गिऱ्हाइकापुढे त्याने हात टेकले नव्हते, आणि आता सख्खी बायको दाद देत नव्हती! पाचवी पुडी झाली, सहावी झाली. वास तोच, नजर तिथेच. चिडचिडीने त्याला जेवण जाईना.

आणखी एक होतं. ती समोर नसली की पाइप दर दोन मिनिटांनी विझे. ती बसली की विझतच नसे. सातव्या पुडीच्या दिवशी ती रंगात येऊन बोलत होती आणि दाराची घंटा वाजली. पेटता पाइप बशीत ठेवून तो पुढे गेला. कुरिअरवाल्याने भलत्याच घरचं पाकीट आणलं होतं. त्याच्याशी हुज्जत घालण्यात चांगली दहा मिनिटं गेली. एवढ्या वेळात पाइप विझलेला असणार, परत काड्या ओढत बसायचं, असं पुटपुटत तो खोलीच्या दारात आला आणि तिथेच थांबला.

पाइप बशीत होता. त्याच्या वाटीतला निखारा हळूहळू लाल होत होता. मग मंद होत होता. मग परत लाल. भर दुपारच्या उजेडातही ते स्वच्छ दिसत होतं. चष्मेवाल्याने सवयीने मोजलं: दर सात सेकंदांनी एक. घाई नाही, भाता नाही. कुणीतरी मुरलेला माणूस सावकाश ओढत होता. बायको मान थोडी कलती करून रिकाम्या खुर्चीच्या वर बघत होती, ऐकत असल्यासारखी.

त्याच्या पायाखाली फरशी वाजली. तिने दचकून दाराकडे पाहिलं.

“अहो… तुम्ही कधी उठलात?”

तो तसाच मागे फिरला. पायात चपला सरकवल्या आणि तडक तंबाखूचं दुकान गाठलं.

“लवंग,” तो धापा टाकत म्हणाला. “डांबर. आणि ओला दोरखंड. सातही पुड्यांना. सांगा, काय आहे हे?”

तंबाखूवालीचा बरणी पुसणारा हात थांबला. तिने फडकं खाली ठेवलं.

“असं मिश्रण मी एकाच गिऱ्हाइकासाठी बनवायचे,” ती हळू आवाजात म्हणाली. “दुसऱ्या कुणाला ते सोसायचंच नाही. तो गेला, मी बनवायचं बंद केलं. सोळा… हो, सोळा वर्षं झाली. नकाशे काढायचा.”

“दिसायला कसा होता?”

“उंच. या दारातून वाकून आत यायचा.”

“माझ्यापेक्षा किती?”

तिने त्याला नीट न्याहाळलं. “वीतभर तरी असेल.”

चष्मेवाल्याचा हात नकळत स्वतःच्या डोक्यावर गेला आणि तिथून तसाच वर हवेत राहिला. हजार चष्मे बसवणाऱ्याला आपल्या बायकोच्या नजरेचं माप आज मिळालं होतं. अंगावर सरसरून काटा आला, आणि काट्याच्या मागोमाग संतापही.

“पण तंबाखू माझा आहे!” तो ओरडला. “काड्या माझ्या, जीभ माझी भाजतेय! त्याला ओढायचाच असेल तर स्वतःचा आणावा की!”

बाई हसली नाही.

“जुन्या पाइपात आधीचा माणूस मुरलेला असतो, असं तुम्हीच म्हणालात ना?” त्याने विचारलं.

“पाइपात,” ती म्हणाली. “पाइपातच ऐकलंय मी ते…”

परत येईपर्यंत त्याचा निश्चय झाला होता. मागच्या खोलीत जाऊन त्याने सातही पुड्या, दोन्ही पाइप, काड्या, सगळं एका पिशवीत कोंबलं. बायको दारात येऊन उभी राहिली.

“हे काय?”

“सोडलं. टाकून देतोय सगळं. मला नाही जमत.”

तिचा चेहरा एकदम उतरला. अकरा वर्षांत त्याने तो असा कधी पाहिला नव्हता. तो आजारी पडला तेव्हाही नाही.

“आजच नको…” ती म्हणाली. “उद्या टाका. आज एकदाच.”

“तुला माहीत आहे ना सगळं?”

ती पुढे आली. मग तिने त्याच्या हातातून पिशवी घेतली, खुर्चीवर बसली आणि पाइप काढला. तिने तीन चिमटी भरल्या. पहिली नुसती सोडली, दुसरी अलगद टेकवली, तिसरी अंगठ्याने दाबली. वर्षानुवर्षं कुणासाठी तरी रोज भरत आल्यासारखा तिचा हात चालत होता. चष्मेवाला महिनाभर ज्यासाठी झटत होता, ते तिने अर्ध्या मिनिटात केलं.

“तुम्ही फार घट्ट भरता,” ती म्हणाली. “मी पेटवून बघितला दोनदा, तुम्ही बाजारात गेलात तेव्हा. माझ्या हातून नाही लागत. तुम्ही ओढल्याशिवाय… तो येत नाही.”

“आणि मी?” चष्मेवाल्याचा आवाज चिरकला. “अकरा वर्षं मी कोण आहे इथे?”

“तुम्ही आहातच की,” ती म्हणाली. अगदी साधेपणाने, त्याची समजूत घालत. “तुम्ही कुठे जाताय?”

तो संतापला होता, घाबरला होता, आणि तरी त्याला दिसत होतं की पाइप टाकला तर उद्या दुपारी दोनला ती खुर्ची रिकामी असणार. जेवण वेळेवर, औषध वेळेवर. त्याने स्वतःला एक कचकचीत शिवी हासडली आणि टेबलापाशी बसला. पाइप तोंडात धरला. तिने काडी ओढून समोर धरली.

पहिल्याच काडीत लागला. जीभ भाजली नाही. धूर गार आला. लवंग, मग डांबर, मग ते खालचं ओलं काहीतरी. बायको समोर बसली. तिची नजर वर गेली, त्याच्या डोक्यावर वीतभर, नेहमीच्या जागी.

“इकडे बघ,” तो पाइपाआडून कळवळून म्हणाला. “एकदा तरी… माझ्याकडे बघ.”

तिने ऐकलं की नाही, कोण जाणे. पण तिची नजर हलली. अगदी सावकाश ती खाली येऊ लागली, मान मात्र तशीच वर उचललेली. कपाळावर आली, भुवयांवर आली, आणि नेमकी त्याच्या डोळ्यांत येऊन थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या प्रेमाने त्याच्याकडे जन्मात कुणी पाहिलं नव्हतं. चष्मेवाल्याला आनंदाने रडू फुटणार तेवढ्यात ती पुढे झुकली.

“हं,” ती पुटपुटली, “आता नीट बसलास…”

त्याला उठायचं होतं. त्याने पाय मागे घ्यायला पाहिलं, आणि त्याचे दोन्ही गुडघे टेबलाच्या फळीला खालून जाऊन टेकले. या टेबलाला त्याचे गुडघे आजवर कधी लागले नव्हते.