एक मग पावडर

"टिटवे, पळ! तुझ्या आत्याला फाटकाबाहेर काढतायत!"

ढोल्या धापा टाकत ओरडला. टिटवीच्या हातातली बादली धाडकन खाली पडली.

फाटकाबाहेर म्हणजे पिसाटांच्या तावडीत! दोन वर्षांपूर्वी पिसाटताप आला, शहरं ओस पडली, शाळा बंद झाली. मुलं या काळाला 'मोठी सुट्टी' म्हणत, पण त्यावर हसत कुणी नसे. आधी डोळे लाल होत, मग ताप चढे आणि माणूस आपल्याच माणसांवर धावून जाई. म्हणून वस्तीचा नियम होता. डोळे लाल झाले की सूर्य मावळायच्या आत बाहेर.

आणि टिटवीला आत्याशिवाय कुणीच उरलं नव्हतं.

"आत्याला कुठला ताप? सकाळी चिखलाच्या चपलांवरून झापलं तिनं मला!"

"चिडली? मग लक्षणच ते!"

"ती गेली दहा वर्षं चिडतेय, गाढवा!"

ढोल्याने डोकं खाजवलं. "पण काय गं, धुणंघरात तिच्याबरोबर काम करणाऱ्या दोघीही डोळे चोळत होत्या. भीतीने सांगत नाहीत."

"तिघीही धुणंघरातल्या? चल!"

धुणंघराच्या खिडक्या थंडीमुळे बंद होत्या. आत पाऊल टाकताच वास नाकात गेला आणि डोळ्यांतून पाणी आलं. भिंतीवर लिहिलं होतं : 'एका पिंपाला एक माप ब्लीचिंग पावडर.' पावडरच्या पोत्यात मात्र चहाचा भलामोठा मग खोचलेला!

"माप म्हणजे छोटी वाटी होती ना?" टिटवीने विचारलं.

"ती कंपाउंडरकाकांनी परवा फोडली. मी पाहिलं! हा मग त्यांनीच ठेवला."

दोघांनी पिंपातलं अर्धी बादली पाणी घेतलं आणि फाटक गाठलं.

पहारेकरी आजोबांचा हात अडसरावर होता. आत्या गाठोडं घेऊन उभी होती. सगळे तिच्यापासून दहा हात लांब.

"टिटवे," ती लांबूनच म्हणाली, "तुझा स्वेटर दोरीवर आहे. आठवणीने घे."

टिटवीने बादली थेट गर्दीत उभ्या कंपाउंडरकाकांपुढे ठेवली. "काका, तुम्हाला सगळं कळतं. हा वास कसला, सांगा ना!"

काका ऐटीत वाकले आणि खोकतच मागे सरले.

"बाप रे! काकांचे डोळे लाल!" ढोल्या किंचाळला. "आजोबा, उघडा फाटक!"

गर्दी मागे सरली.

"अरे मूर्खा, पावडर आहे ती! डोळे चुरचुरणारच!"

"मग आत्याचे कशाने चुरचुरले, काका?" टिटवीने विचारलं. "तुम्ही वाटीऐवजी मग ठेवलात!"

काकांनी घाईघाईने डोळे पुसले. "मी... म्हटलं, जास्त घातली तर बरंच की!"

आजोबा अडसर सोडून पुढे आले. त्यांनी आत्याच्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच राहू दिला.

"थंडगार आहे," ते म्हणाले. "माझ्या बायकोचे डोळे लाल झाले, तेव्हा तिच्या कपाळाला हात लावायचं धाडस मला झालं नव्हतं. फाटक मीच उघडलं होतं." ते मुलांकडे वळले. "शाब्बास, पोरांनो! यापुढे आधी हात लावून बघायचं. मग फाटक."

त्यांनी अडसर पुन्हा घट्ट बसवला.

आत्याने टिटवीला छातीशी धरलं. मग तिची नजर खाली गेली.

"टिटवे! पुन्हा चिखल!"